मानेतला पू : चिरा द्यावा की औषधावर थांबावे?

सत्ताविसाव्या रोज्याच्या इफ्तारला आमच्या मामूंच्या तोंडात खजूर जाईना. तोंडच उघडत नव्हते. कसेबसे एक बोट आत जाईल एवढी फट. पाण्याचा घोट घेतला तर तो कोपऱ्यातून ओघळला. उजव्या जबड्याखाली दोन दिवसांपासून सूज होती, ती आता हनुवटीखालून पलीकडे पोचली होती आणि हाताला लाकडासारखी कडक लागत होती.

मामू म्हणजे आमच्या अम्मीचे धाकटे भाऊ. वय अठ्ठावन्न, खेड तालुक्यात घर, थोडी हापूसची कलमे, एकुलता मुलगा कुवेतला. बारा वर्षांपासून शुगर. पहिल्या अशऱ्यापासून त्यांची खालची शेवटची दाढ ठणकत होती. दातांच्या डॉक्टरांनी ती काढायला सांगितले होते. पण रोज्यात दाढ काढली आणि रक्त पोटात गेले तर काय, म्हणून घरात ठरले, "ईद होऊ दे, मग काढू." ठरवणाऱ्यांत आम्हीही होतो. दाढ इफ्तारनंतरही काढता आली असती. आजाऱ्याला रोज्याची सवलत आहे आणि नंतर कझा करता येते, हे तर आमच्या वर्गातल्या मुलांनाही पाठ असते. पण त्या वेळी कोणाच्या तोंडून ते निघाले नाही. मेडिकलवाल्याने पुडी बांधून दिली, ठणका थांबला, आणि ठणका थांबला म्हणजे दुखणे थांबले असे आम्ही सर्वांनी धरून चाललो.

गावातल्या डॉक्टरांनी मामूंना पाहताच इंजेक्शन दिले आणि म्हणाले, "इथे ठेवू नका, कान-नाक-घशाचा डॉक्टर आणि रात्रीचे ऑपरेशन थिएटर जिथे असेल तिथे न्या." जीपमध्ये मुमानी सारख्या सांगत होत्या, "जरा आडवे व्हा, बरे वाटेल." मामू आडवे होईनात. पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, तोंडातून लाळ गाळत बसून राहिले. आम्हांला तो हट्ट वाटला. नंतर कळले की असा रुग्ण आडवा झाला की सुजलेली जीभ मागे जाते आणि श्वास कोंडतो, म्हणून तो आपणहून बसून राहतो. त्याला बसूच द्यायचे असते.

दाढेचे दुखणे मानेत कसे उतरते, हे आम्हांला त्या रात्री एका डॉक्टर मॅडमनी केसपेपरच्या मागे चित्र काढून समजावले. खालच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या दाढेची मुळे जबड्यात फार खोल गेलेली असतात. तोंडाच्या तळाशी जो स्नायू आडवा पसरलेला असतो, त्याच्या ओळीच्याही खाली ती पोचतात. मुळाशी पू झाला की तो तोंडात फुटण्याऐवजी जबड्याखाली उतरतो. आणि मान बाहेरून सलग दिसली तरी आत सगळा पडद्यांचा मामला आहे. स्नायू, श्वासनलिका, अन्ननलिका, मोठ्या रक्तवाहिन्या, सगळ्यांना वेगवेगळे पडदे, आणि पडद्यांच्या मधे फटी. एका फटीतला पू शेजारच्या फटीत वाट काढतो. घशाच्या मागची एक वाट तर सरळ छातीत उतरते. तिथे पोचलेला पू हृदयाच्या भोवती साचू लागला, तर चांगल्या रुग्णालयातही माणूस हाती लागेल याची खात्री नसते.

मोठ्या माणसांत अशा पूचे सगळ्यात नेहमीचे कारण दात-दाढ हेच आहे. त्याखालोखाल टॉन्सिल आणि घसा, लाळेच्या ग्रंथी, कधी घशात अडकलेला माशाचा काटा. आम्ही कोकणातले, काट्याचे नाव निघाले की सगळे हसतात. पण काटा अन्ननलिकेला टोचला आणि दोन दिवसांनी मान दुखून ताप आला, तर ते हसण्यावारी न्यायचे नसते.

जिभेखाली आणि हनुवटीखाली दोन्ही बाजूंनी पसरणारी जी कडक सूज मामूंना होती, तिचे वर्णन लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरने १८३६ मध्ये केले. आजही ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. त्या काळात अँटिबायोटिक नव्हते, आणि ज्यांना ती होई त्यांतले निम्म्याहून अधिक दगावत. पेनिसिलिन आल्यावर चित्र पालटले. म्हणूनच माणसाला वाटते की आता औषध आहे, तर सुरी कशाला? आमच्या घरात त्या रात्री नेमका हाच वाद झाला.

आम्ही अकराच्या सुमारास पोचलो होतो. मॅडमनी तपासून लगेच शिरेतून अँटिबायोटिक आणि इन्सुलिन सुरू केले. शुगर तीनशे ऐंशी होती. मूत्रपिंडाचा रिपोर्ट पाहून शिरेत रंग सोडून सीटी स्कॅन केला. जबड्याखाली चार सेंटिमीटरची पूची पिशवी, आणि तिची एक शेपटी घशाच्या बाजूने खाली निघालेली. मॅडम म्हणाल्या, आज रात्रीच चिरा देऊन पू काढावा लागेल, आणि भूल देण्याआधी कदाचित गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी घालावी लागेल.

तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. कुवेतला साडेदहा. मुलाला फोन लागला. तो म्हणाला, "अब्बांना शुगर आहे. जखम भरणार नाही. कापू नका. आधी चार दिवस औषध देऊन बघा." मुमानींनी पेन खाली ठेवला. मुलाच्या बोलण्यात बापाची काळजीच होती, आणि खरे सांगायचे तर आम्हांलाही ते पटले होते. शुगरवाल्याची जखम चिघळते हे सगळ्यांनी पाहिलेले असते.

पण हिशेब नेमका उलटा आहे. मॅडम म्हणाल्या, "शुगर आहे म्हणूनच थांबता येत नाही." शुगर वाढलेली असताना शरीराची लढण्याची ताकद कमी पडते, पू जास्त फटींत पसरतो, आणि नुसत्या औषधाने दबण्याची शक्यता कमी होते. अशा रुग्णांत पू करणारे जंतूही पुष्कळदा वेगळे आणि चिवट निघतात. पू आत असेपर्यंत शुगर ताब्यात येत नाही आणि शुगर वर असेपर्यंत पू हटत नाही. पू बाहेर काढला की इन्सुलिनलाही काम करता येते. जखम भरायला वेळ लागेल, हे खरे. पण ती भरायला माणूस उरला पाहिजे.

औषध का पुरत नाही, हेही त्यांनी सांगितले. औषध रक्तातून जाते. पूची पिशवी पक्की झाली की तिच्या आत रक्तवाहिन्या नसतात. औषध पिशवीच्या भिंतीपर्यंत जाते, आत फारसे शिरत नाही. आम्ही तो मुद्दा फोनवर मुलाला आपल्या भाषेत सांगितला. विहिरीत जनावर पडून मेले तर नुसती पावडर टाकून पाणी शुद्ध होते का? आधी जनावर बाहेर काढतो, मग पावडर टाकतो. तो गप्प झाला, पण हो म्हणाला नाही. म्हणाला, सकाळी एका ओळखीच्या डॉक्टरला विचारतो.

चारच्या सुमारास मामूंच्या श्वासाला आवाज येऊ लागला. घरघर नव्हे, श्वास आत घेताना शीळ घातल्यासारखा. मॅडम धावत आल्या आणि मुमानींना एवढेच म्हणाल्या, "आता विचारायला वेळ नाही." मुमानींनी सही केली. त्यांनी मुलाला फोन लावला नाही, भावांना लावला नाही. स्वतः केली. आम्ही शेजारी उभे होतो, आणि रात्री एकपासून आम्ही त्यांना "मुलाला विचारून घ्या" असेच सांगत होतो, ते आठवून आजही मान खाली जाते. नवऱ्यासाठी सही करायला बाईला परदेशातल्या मुलाची परवानगी लागत नाही. समोर चोवीस तास बसून माणसाला पाहणारी तीच असते.

गळ्याला भोक हा शब्दच भयंकर आहे. प्रत्यक्षात श्वासनलिकेत, सुजेच्या खाली, एक छोटी नळी बसवतात, म्हणजे वरचा रस्ता बंद पडला तरी हवा जात राहते. सूज उतरली की नळी काढतात आणि भोक बहुधा आपोआप बुजते. हे काही आजचे धाडस नाही. हजार वर्षांपूर्वी अंदलुसच्या अबुल कासिम अल-जहरावी यांनी स्वतःचा गळा चिरून घेतलेल्या एका दासीची जखम शिवली. ती जगली. त्यावरून त्यांनी लिहून ठेवले की श्वासनलिकेची जखम भरून येते. पुढे इब्न जुहर यांनी बकरीवर हा प्रयोग करून पाहिला. आमच्या मामूंना मात्र तोंड उघडत नसल्याने आणि घसा सुजल्याने दुसरा मार्गच उरला नव्हता. मॅडम नंतर म्हणाल्या, तीन तास आधी नाकातून दुर्बिणीने नळी कदाचित गेली असती. त्यांनी ते रागाने म्हटले नाही. आम्हांला ते लागायचे तेवढे लागले.

ऑपरेशन सेहरीच्या वेळी झाले. जबड्याखाली चिरा दिला, पूचे कप्पे एकमेकांत उघडले, पू तपासणीला पाठवला, दाढ त्याच वेळी काढली. पू निचरत राहावा म्हणून रबराची नळी चार दिवस जखमेत ठेवली आणि रोज जखम सलाईनने धुतली. तिसऱ्या दिवशी पूचा रिपोर्ट आला आणि औषध बदलले. याचा अर्थ असा की ऑपरेशन झाले तरी औषध सुटत नाही. आधी शिरेतून आणि मग गोळ्या, असे मिळून जवळजवळ तीन आठवडे चालले. लोक "ऑपरेशन की औषध" असे म्हणतात तेव्हा जणू दोन वेगळे रस्ते आहेत असे वाटते. औषध दोन्ही रस्त्यांवर आहेच. प्रश्न फक्त पूला वाट करून द्यायची की नाही, आणि केव्हा, एवढाच असतो.

हे वाचून कोणी असे समजू नये की मानेत पू म्हटला की चिरा हवाच. आमच्याच शाळेतले एक शिक्षक, वय चौतीस, शुगर नाही. त्यांना टॉन्सिलनंतर मानेत सूज आली. स्कॅनमध्ये दीड सेंटिमीटरचा छोटा साठा. तोंड उघडत होते, गिळता येत होते, श्वासाला काही नव्हते. इथे उलटा प्रकार झाला. नातेवाईक म्हणत होते, "एकदाचे कापून टाका, परत परत नको," आणि सर्जन स्वतःच म्हणाले, "आज नाही." त्यांनी दाखल करून घेतले, शिरेतून औषध सुरू केले, आणि सांगितले की अठ्ठेचाळीस तासांत ताप, सूज आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी खाली आल्या नाहीत तर चिरा देऊ. दीड दिवसात ताप उतरला. सहाव्या दिवशी सर घरी आले, मानेवर साधा ओरखडासुद्धा नाही.

डॉक्टर इतके सहज थांबू शकले, याला कारणे आहेत. सुरुवातीला पुष्कळदा नुसती सूज असते, पू पक्का साचलेला नसतो, आणि अशी सूज औषधाने विरते. स्कॅनमध्ये पू वाटतो आणि चिरा दिल्यावर निघत नाही, असेही घडते. मानेतून चेहऱ्याच्या, जिभेच्या, खांद्याच्या नसा जातात, मोठ्या रक्तवाहिन्या जातात. ओठाचा कोपरा हलवणारी बारीक नस जबड्याच्या कडेनेच जाते, ती दुखावली तर हसताना ओठ वाकडा होतो. म्हणून पू साधारण दोन-अडीच सेंटिमीटरपेक्षा कमी, एकाच जागी, श्वासाला धोका नाही आणि रुग्ण बाकी धडधाकट असेल, तर अनेक डॉक्टर आधी एक-दोन दिवस औषध देऊन पाहतात. हा आकडा फूटपट्टीची रेघ नव्हे. शुगर असेल, वय झालेले असेल, पू दोन-तीन फटींत असेल किंवा छातीकडे उतरत असेल, तर छोट्या पूलाही थांबता येत नाही. मधला एक मार्गही आहे. पिशवी एकच आणि नीट दिसणारी असेल तर सोनोग्राफीत पाहून सुईने पू ओढून काढतात. चिरा वाचतो, आणि तपासणीला पूही मिळतो.

पण थांबायचे ते रुग्णालयात. हे आम्ही ठासून सांगतो, कारण "औषधावर बघू" याचा आपल्या घरांत अर्थ होतो "घरी नेऊ." आमच्या सरांना थांबवले ते दर काही तासांनी तपासत, रात्री थिएटर उघडता येईल अशा ठिकाणी. घरच्या खाटेवर सलाईन लावून, मानेला चुना-हळदीचा लेप देऊन आणि शेक घेऊन थांबणे हे औषधोपचाराच्या बाजूचे नाही आणि ऑपरेशनच्याही नाही. लेपाने कातडी भाजते आणि डॉक्टरला आतली सूज कळेनाशी होते. मेडिकलच्या पुडीत कधी स्टेरॉइडची बारीक गोळी असते. तिने दोन दिवस बरे वाटते, शुगर मात्र चढते आणि पू आतल्या आत वाढतो.

आणखी एक पू आहे, त्याचे सगळे गणितच वेगळे. मानेत आठवडेच्या आठवडे वाढत जाणारी गाठ, फारशी दुखत नाही, वरची कातडी गरम नाही, संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरलेले. हा क्षयाचा थंड गळू असू शकतो. तो घाईने उघडा चिरला तर जखम महिनोन्‌महिने वाहत राहते. तिथे औषध हाच मुख्य इलाज, गाठींसाठी साधारण सहा महिने, मणक्याचा क्षय असेल तर अधिक. पू ओढायचा तर सुईने. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. क्षय म्हटले की आपल्याकडे, विशेषतः लग्नाची मुलगी असेल तर, गोष्ट लपवतात. मुलगी बरी होते, लपवलेली गाठ मात्र फुटते.

तर घरात अशी वेळ आली तर डॉक्टरांना काय विचारावे? आमचा अनुभव असा की "ऑपरेशन टाळता येईल का" हा पहिला प्रश्न चुकीचा पडतो. डॉक्टरही मग टाळाटाळीचे उत्तर देतात. आधी विचारावे, श्वासाला धोका आहे का. मग पू किती, एका जागी की पसरलेला. मग, थांबायचे असेल तर किती तास, आणि काय दिसले तर थांबणे संपवाल. हे शेवटचे कागदावर लिहून घेतले तरी चालेल. वेळ आधी ठरलेली असली की रात्री दोन वाजता फोनाफोनी होत नाही. आणि दाढ कारण असेल तर ती केव्हा काढणार, हेही विचारावे. मूळ तसेच राहिले तर पू पुन्हा भरतो, मग पहिल्यांदा चिरा दिलेला असो वा नसो.

तोंडात दोन बोटे जात नाहीत, लाळ गिळता येत नाही, गरम घास तोंडात धरून बोलावे तसा आवाज येतो, जीभ वर उचलली गेली आहे, माणूस आडवा होत नाही. यातले काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. त्या वेळी घरच्या वडीलधाऱ्यांची बैठक बसवू नये, निघावे, आणि बैठक गाडीत भरवावी.

खर्चाचे म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ज्या रुग्णालयांत आहे तिथे आरोग्यमित्र बसलेला असतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याला पहिल्याच दिवशी भेटावे. आम्ही चौथ्या दिवशी भेटलो, तोवर खिशातून बरेच गेले होते.

मामूंची ईद वॉर्डात झाली. गळ्यात नळी, नाकातून दुधाची नळी, आणि शुगरमुळे शीरखुर्मा नळीतूनही नाही. नळी असल्यामुळे नऊ दिवस बोलता येत नव्हते, म्हणून आम्ही शाळेतली पाटी आणि खडू नेऊन दिला. मुलगा कुवेतहून आला तेव्हा त्यांनी पाटीवर पहिला प्रश्न उर्दूत लिहिला, किती रोजे कझा झाले? तीन, असे मुलाने बोटांनी दाखवले. डॉक्टरांना विचारून, इन्सुलिनचे वेळापत्रक बदलून, ते तीन रोजे मामूंनी थंडीत ठेवले.